काचेवर सापडलेलं हार्मोन

अडाणी माणूस चुकला तर फार तर त्याची एसटी चुकते. शिकलेला माणूस चुकायचा म्हटला की त्याला सभागृह लागतं, हार लागतात, माईक लागतो. हे मी ऐकीव सांगत नाही, स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मला कोणी मधे थांबवलेलं चालणार नाही.

तर मी पोहनकर मॅडम. दारव्ह्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझ्या पीएचडीचा विषय असा: वावरातल्या घुशीच्या पीयूष ग्रंथीत प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन पेशीमध्ये नेमकं कुठं असतं? पीयूष ग्रंथी म्हणजे मेंदूच्या खाली लपलेली, तुरीच्या डाळीएवढी एक गोष्ट. आणि प्रोलॅक्टिन म्हणजे पिल्लं झालेल्या मादीला दूध आणणारं हार्मोन. घूस असो, म्हैस असो, नाहीतर तुम्ही-आम्ही असो, सगळ्यांत तेच. एवढं ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही म्हणून तर तुम्हाला हा किस्सा ऐकायला मिळतो आहे.

विषय सांगितला की लोक कसे बघायचे, काय सांगू! आमच्या सासरची शेती नेरजवळ. सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि म्हणाल्या, "घुशीनं आपला अर्धा भुईमूग खाल्ला, अन् तू तिच्यावर पुस्तक लिहून राह्यली?" नात्यातल्या एका काकांनी तर विचारलं की घुशीत कुठं आहे ते कळून सरकार काय करणार. मी या सगळ्यांकडे दयेनं बघायची. अज्ञानी जीव, म्हणायची मनात.

कॉलेजातले लोक तरी काही वेगळे होते का? माझे गाईड काळे सर. संशोधनाला त्यांचा हातभार म्हणजे 'वा' हा एक शब्द. आकृती दाखवा, वा. तक्ता दाखवा, वा. एकदा चुकून किराण्याची यादी त्यांच्यापुढं गेली, तिलाही वा. दुसरे गावंडे सर. माझ्याच विभागात, वयानं माझ्यापेक्षा कितीतरी लहान, आणि पीएचडी कधीच झालेली. हळू बोलायचे, हळू चालायचे, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायचे. ज्यांना अक्कल नसते ते तपासत बसतात, असं माझं ठाम मत होतं.

आणि त्या वर्षी पाणी नाकापर्यंत आलं होतं. माझी पीएचडीची मुदत वाढवून वाढवून संपत आली होती. यवतमाळला संशोधन केंद्रावर एक सेमिनार द्यायचा, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली की प्रबंध सादर. नाही डोलावली की नोंदणी रद्द, सगळी वर्षं पाण्यात. वरून विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती, आणि ती पीएचडीवाल्यालाच मिळणार. म्हणजे मी नापास झाले की माझ्या रजेवर गावंडे सर सही करणार. मला तर त्या कल्पनेनंच जेवण जाईना.

काम बहुतेक झालं होतं. पांढऱ्या, प्रयोगशाळेतल्या उंदरांचं सगळं व्यवस्थित आलं होतं. पेशीच्या आत, केंद्रकाच्या आजूबाजूला, बारीक बारीक तपकिरी दाणे. हार्मोन तिथं साठवलेलं असतं. जगभरच्या पुस्तकांत असंच लिहिलं आहे. राहिली होती आमची वावरातली घूस.

आता हे हार्मोन दिसतं कसं, ते दोन मिनिटांत सांगते. ग्रंथीचा पातळ काप काचेवर चिकटवायचा. त्यावर अँटिबॉडी टाकायची, ती बरोबर हार्मोनला जाऊन चिकटते, मग रंग टाकला की ती जागा तपकिरी होते. पण अँटिबॉडी म्हणजे आमच्या आत्याबाईंसारखी, जागा दिसली की बसलीच. म्हणून आधी काचेवरच्या सगळ्या मोकळ्या जागा दुसऱ्या कुठल्यातरी प्रोटीननं झाकून टाकायच्या. याला ब्लॉकिंग म्हणतात. त्यासाठी नागपूरहून बर्फात घालून सिरम, म्हणजे प्राण्याच्या रक्तातलं निवळ पाणी, मागवतात.

माझं सिरम नासलं. वादळानं खांब पडले, लाइट गेली, आणि कॉलेजचा फ्रीज गरम कपाट होऊन बसला. गावंडे सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, दुसरं मागवा ना. हप्त्याभरात येते. घाई कायले करता?"

घाई कायले! सेमिनार डोक्यावर आणि हे मला सबुरी शिकवणार. शिवाय मी वाचलेलं होतं की बाहेरच्या देशांत लोक ब्लॉकिंगसाठी सरळ दुधाची पावडर वापरतात. वाचलेलं होतं हे खरं आहे बरं का, माझ्या मनाचं नाही. दुधातलं प्रोटीन जागा झाकतं, काम होतं. फक्त पावडर. डब्यातलं, मेलेलं, कुठल्या गायीचं माहीत नाही असं दूध. मी म्हटलं, ज्यांच्या घरी म्हशी नाहीत त्यांनी पावडर वापरावी. आमच्या घरी आहेत.

रात्री नवऱ्याला फोन केला. तो शनिवार-रविवारी दारव्ह्याला असतो, बाकी दिवस नेरकडे, शेतावर. म्हटलं, उद्या येताना एक तांब्याभर चांगलं दूध आणा, पाणी न घातलेलं. तो म्हणाला, "आपल्या घरी पाणी कोन घालते? पन तुले कायले पाह्यजे एवढं?"

"घुशीसाठी."

तो म्हणाला, "आता तिले दूध पन पाजतं काय तू?"

दूध आलं ते बघून मन भरून आलं. घट्ट, पिवळसर, बोटाला चिकटणारं. यालाच म्हणतात शुद्ध, मी म्हटलं. मलई काढली, फडक्यातून गाळलं, आणि घुशीच्या ग्रंथीचे काप त्यात बुडवून ठेवले. गावंडे सर दारातून बघत होते. ते काहीतरी बोलणार होते असं मला वाटलं, म्हणून मी आधीच पाठ फिरवली.

रंग टाकला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर काय सांगू! सगळीकडे तपकिरी. पेशीत तपकिरी, पेशींच्या मधे तपकिरी, रक्तवाहिन्यांत तपकिरी. दाणे शोधायची गरजच नाही. शहाणी बाई असती तर म्हणाली असती, काहीतरी चुकलं. मी म्हटलं, काहीतरी सापडलं.

आणि मी काही अगदीच वेडी नव्हते. अँटिबॉडी न टाकलेली एक काच मुद्दाम वेगळी ठेवतात, पडताळा म्हणून. ती तशी ठेवली होती आणि ती स्वच्छ कोरी आली. म्हणजे रंग आपोआप आलेला नव्हता. जिथं अँटिबॉडी होती तिथं तिला प्रोलॅक्टिन खरोखरच सापडलं होतं. बरोबर आहे की नाही? आजही मी म्हणते, बरोबरच होतं. तिला सापडलंच होतं.

मग मी नराची ग्रंथी घेतली. नराला दूध पाजायचं नसतं, त्याच्यात कमी दिसायला हवं. तेवढंच तपकिरी. मी म्हटलं, आमच्या भागातला नर वेगळा. मग मांडीच्या स्नायूचा एक काप घेतला. मांडीत हे हार्मोन तयार होण्याचा काही संबंधच नाही. तीही तपकिरी! इथं तरी थांबायचं ना? नाही. मी दोन कप चहा प्यायले आणि सिद्धांत मांडला: आपल्या काळ्या मातीतल्या घुशीची ग्रंथी इतकी भरलेली असते की हार्मोन पेशीत मावत नाही, बाहेर ओघळतं आणि सगळ्या अंगभर पसरतं.

काळे सरांना दाखवलं. ते म्हणाले, "वा." मग चष्मा पुसून परत बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसरा शब्द बोलले. "पेपरात देऊ."

गावंडे सरांनी मात्र विचारलं की मॅडम, परत एकदा सिरम वापरून पाहायचं का, नागपूरवरून माझं येऊनच राह्यलं आहे, अर्धं तुम्ही घ्या. मी त्यांना काय म्हणाले ते इथं सांगत नाही. एवढंच सांगते की त्यात 'मत्सर' हा शब्द होता, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू गेला.

काळे सरांचा एक भाचा कुठल्याशा स्थानिक पेपरचा वार्ताहर. त्याला प्रोलॅक्टिन उच्चारता येईना, तर त्यानं तो शब्दच गाळला. दुसऱ्या दिवशी छापून आलं की दारव्ह्याच्या प्राध्यापिकेनं घुशीच्या अंगभर दूध आणणारा पदार्थ शोधून काढला, जगाचे सिद्धांत उलटले. सोबत माझा फोटो, आणि शेजारी घूस म्हणून छापलेलं मुंगूस.

फोन सुरू झाले. केळापूरहून एका गृहस्थांचा आला. फार अदबीनं बोलत होते. "मॅडम, माझी म्हैस आटली. घुशीचा काही अर्क-बिर्क भेटते काय तुमच्याकडे?" मी त्यांच्यावर चिडले. विज्ञानाची ही किंमत, म्हटलं, या लोकांच्या लेखी! आता वाटतं, सगळ्या जिल्ह्यात घूस, म्हैस आणि दूध या तिघांचा एकमेकांशी संबंध लावणारा तो एकच माणूस होता. बाकी आम्ही सगळे विद्वान.

सेमिनारचा दिवस आला. एरवी अशा सेमिनारला परीक्षक, गाईड आणि झोपलेले दोन विद्यार्थी असतात. काळे सरांनी प्राचार्य बोलावले, संस्थेचे अध्यक्ष बोलावले, भाचा कॅमेरा घेऊन पहिल्या रांगेत. टेबलावर हार. सासूबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. नवरा मागच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर. गावंडे सर खिडकीपाशी.

परीक्षक म्हणून नागपूरच्या एक बाई आल्या होत्या. बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक, साधी सुती साडी. मी बघितलं आणि ठरवून टाकलं की या काही विचारणार नाहीत.

मी काय बोलले म्हणता! पाऊण तास माईक सोडला नाही. पांढऱ्या उंदराचे दाणे दाखवले ते असे, की गरीब बिचारा उंदीर, याच्याकडे एवढंच. मग आमची घूस पडद्यावर आणली. सगळा पडदा तपकिरी. प्राचार्यांनी टाळी वाजवली. जगातल्या पुस्तकांना आता दुरुस्ती करावी लागेल, असंही मी म्हणाले. हो, हेच शब्द. भाच्याकडे रेकॉर्डिंग आहे.

बाईंनी हात वर केला. "मॅडम, त्या चित्राचा डावा कोपरा जरा मोठा करता?"

केला.

"इथं ग्रंथीचा काप संपला आहे ना?"

"हो."

"म्हणजे ही नुसती काच आहे. तीही तपकिरी दिसते आहे."

मी हसले. अहो, हसले! आणि सांगितलं की तेच तर माझं म्हणणं आहे, हार्मोन इतकं आहे की ते ओघळून काचेवर आलं. बाईंनी मान डोलावली. मला वाटलं, झालं, डोलावली एकदाची. पण त्यांचं संपलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं की ब्लॉकिंग कशानं केलं.

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. म्हटलं, दुधानं. आणि पावडर नाही, अस्सल म्हशीचं दूध, घरचं.

एवढं ऐकून माझ्या नवऱ्याला राहवेना. बायकोच्या यशात म्हशीचं नाव निघालं होतं. तो मागच्या रांगेतून उभा राहिला आणि सभागृहाला सांगू लागला, "बिनपान्याचं होतं मॅडम. नुकतीच व्यायलेली म्हैस हाये आपली. हिनं चांगलं घट्ट मांगतलं म्हनून मी खरवसाचं, चिकाचं काढून आनलं."

बाईंनी चष्मा काढला. नवऱ्याला म्हणाल्या, "बसा." मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमची अँटिबॉडी कोणत्या प्राण्याच्या प्रोलॅक्टिनवर तयार केलेली आहे?"

"मेंढीच्या."

"मेंढीचं आणि म्हशीचं जवळजवळ सारखंच असतं. तिला उंदरापेक्षा म्हैस जवळची. आणि दूध आणणारं हार्मोन दुधातही उतरतं, चिकात तर जास्तच. तुमच्या अँटिबॉडीनं काम चोख केलं मॅडम. तुम्ही जे शोधत होता ते तुम्हीच काचेवर ओतलं होतं."

मी पडद्याकडे बघितलं. नराची ग्रंथी, मादीची ग्रंथी, मांडी, काच, सगळं एका रंगाचं. एका तांब्यातलं. प्रोलॅक्टिनवर वर्षानुवर्षं घालवलेली बाई, दूध म्हणजे काय हे विसरली होती. त्या सभागृहातून पळून जायला मला फक्त एक दार हवं होतं, आणि त्या दारात भाचा कॅमेरा घेऊन उभा होता.

पुढचं पटकन सांगते, मला त्रास होतो. प्राचार्यांनी अध्यक्षांना कानात विचारलं की म्हणजे शोध नाही का, आणि अध्यक्षांनी हार आपल्या बाजूला ओढून घेतला. काळे सर उभे राहून म्हणाले की मी मॅडमना आधीच सावध केलं होतं. 'वा' ला सावध करणं म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. सासूबाईंनी शेजारणीला विचारलं, "पास झाली ना वो?" नवरा पेढे वाटायचे की नाहीत ते न कळून बॉक्सचा दोरा सोडत होता आणि परत बांधत होता.

परीक्षक बाई चांगल्या निघाल्या. नोंदणी रद्द केली नाही. घुशीचा सगळा भाग नव्यानं करून आणा, म्हणाल्या, शेवटची संधी. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या की रागावू नका, अशा चुका सगळ्यांच्या होतात. खोटं बोलत होत्या. अशी चूक कोणाचीही होत नाही. अशी चूक व्हायला घरी म्हैस लागते.

परत येताना जीपमध्ये नवरा मांडीवरचा पेढ्यांचा बॉक्स सांभाळत होता. दारव्हा जवळ आल्यावर म्हणाला, "म्हंजे आपली म्हैस पास झाली म्हना." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सिरम कोणाकडे होतं? गावंडे सरांकडे. त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. आरडाओरडा करणारा माणूस असता तर बरं झालं असतं, उलट बोलता आलं असतं. त्यांनी काही न विचारता फ्रीज उघडला, बाटली दिली आणि म्हणाले, "सगळी घ्या मॅडम, मले लागत नाही." मी तिथंच म्हटलं की सर, मी तुम्हाला बोलले ते चुकीचं होतं. ते म्हणाले, कोणतं? एवढं वाईट मला सेमिनारमध्येही वाटलं नव्हतं.

नव्यानं केलं. घुशीच्या पेशीत, केंद्रकाच्या आजूबाजूला, बारीक बारीक तपकिरी दाणे. जगातल्या बाकी उंदरांमध्ये जिथं असतात, बरोबर तिथंच. आमच्या जिल्ह्यातली घूस कशातच वेगळी नाही, हे सिद्ध करून मी डॉक्टर झाले. विभागप्रमुख तोवर गावंडे सर झाले होते, आणि माझ्या रजेवर तेच सही करतात. लगेच करतात, कारणही विचारत नाहीत.

मला वाटलं, संपलं. लोक विसरतात. मागच्या हिवाळ्यात अमरावतीला एका कार्यशाळेला गेले. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून मी मजेत होते. चहाच्या सुट्टीत शेजारी एक संशोधक मुलगी बसली होती, हुशार, बडबडी. म्हणाली, मॅडम, आमच्या सरांनी ब्लॉकिंग शिकवताना एक मस्त गोष्ट सांगितली. दारव्ह्याकडच्या कोणी एक बाई होत्या म्हणे, प्रोलॅक्टिन शोधत होत्या, आणि त्यांनी स्लाइड दुधात बुडवली. आमच्याकडे आता कोणाचा प्रयोग असा फसला की म्हणतात, म्हैस बसली.

मी तिच्यापेक्षा मोठ्यानं हसले. म्हटलं, असल्या बायकांना पीएचडी देतं तरी कोण!

मुलीला जोर आला. "ऐका तर मॅडम. ती बाई येवढी येडी, की सेमिनारले म्हैसच घेऊन आली होती."

आता मला सांगा, मी गप्प बसायला हवं होतं की नाही? कप उचलायचा, घोट घ्यायचा, विषय बदलायचा. पण मी मास्तरीण. चुकीची माहिती कानावर पडली की माझं तोंड माझं राहत नाही. मी कडक आवाजात म्हणाले, "चूक आहे. म्हैस कोणी आणली नव्हती. नवरा आणला होता."

मुलीचं हसू जागीच थांबलं. तिनं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं, गावाचं नाव वाचलं. पुढ्यात थर्मासमधला कोरा चहा होता आणि बाजूला दुधाचं भांडं. तिनं ते भांडं उचललं, माझ्या कपाशी आणून मधेच थांबवलं, आणि फार आदरानं विचारलं, "मॅडम, तुम्हाला दूध टाकू... की सिरम मागवू?"